कॅथलिक बातमी वाचताना: संपादकाला घरी कोण पाठवू शकतं?

कॅथलिक बातम्यांवरून वाद झाला की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. ‘बिशपांच्या पेपरात आलंय, म्हणजे खरंच असणार.’ आणि ‘बिशपांच्या पेपरात आलंय, म्हणजे झाकपाक केलेली असणार.’ बोलणारे दोघंही श्रद्धावान असतात, आणि बहुतेक वेळा दोघांनीही बातमी नीट वाचलेली नसते. आमच्या धर्मग्रामाच्या वाचकगटासाठी बातम्या निवडायचं काम माझ्याकडे आहे. कुठली बातमी गटापुढे ठेवायची आणि कुठली थांबवायची, हे ठरवता ठरवता एक पद्धत बसत गेली. तीच इथे लिहिते.

पद्धतीचा पाया असा: या माध्यमावर कोणाचा अधिकार चालतो, हा एक प्रश्न. ही बातमी खरी आहे का, हा वेगळा प्रश्न. पहिल्याचं उत्तर दुसऱ्याच्या जागी वापरायचं नाही. मात्र पहिल्याचं उत्तर मिळालं की एक मोलाची गोष्ट कळते. कोणती बातमी छापणं या माध्यमाला परवडणार नाही, ते दिसू लागतं.

मालक शोधा

नावावर जाऊ नका. ‘नॅशनल कॅथलिक रिपोर्टर’ आणि ‘नॅशनल कॅथलिक रजिस्टर’ ही दोन अमेरिकन पत्रं आहेत. नावं इतकी सारखी की फॉरवर्ड करणारे सर्रास एकाची बातमी दुसऱ्याच्या नावावर खपवतात. रिपोर्टर १९६४ मध्ये कॅन्सस सिटीत सुरू झालं. ते प्रापंचिकांनी, म्हणजे धर्मगुरू किंवा व्रतस्थ नसलेल्या श्रद्धावंतांनी, काढलं आणि बिशपांच्या हाताखाली कधीच नव्हतं. ख्रिस्तसभेत सुधारणा हव्यात, स्त्रियांना जास्त वाव हवा, याकडे त्याचा कल उघड आहे. रजिस्टरचं मूळ १९२० च्या दशकातल्या डेन्व्हरचं. १९९५ पासून ते ‘लीजनरीज ऑफ क्राइस्ट’ या धर्मसंघाकडे होतं आणि २०११ मध्ये ईडब्ल्यूटीएनकडे आलं. त्याचा कल परंपरेकडे आहे, आणि तोही तितकाच उघड आहे.

ईडब्ल्यूटीएन म्हणजे मदर अँजेलिका या क्लॅरिस्ट भगिनीने १९८१ मध्ये अलाबामात सुरू केलेली वाहिनी. ती जगभर दिसते, तिच्यावर मिस्सा चालते, रोझरी चालते, त्यामुळे पुष्कळांना ती व्हॅटिकनची किंवा बिशपांची वाटते. तशी ती नाही. तिचं स्वतःचं विश्वस्त मंडळ आहे आणि ती प्रेक्षकांच्या देणग्यांवर उभी आहे. ‘कॅथलिक न्यूज एजन्सी’ ही वृत्तसंस्थाही २०१४ पासून याच घरात आहे. तेव्हा एकच बातमी रजिस्टरमध्ये, कॅथलिक न्यूज एजन्सीवर आणि ईडब्ल्यूटीएनच्या बुलेटिनमध्ये दिसली, तर तीन साक्षीदार मिळाले असं समजू नका. घर एकच आहे.

दुसऱ्या बाजूलाही हेच घडतं. ‘कॅथलिक न्यूज सर्व्हिस’ अमेरिकन बिशपांनी १९२० मध्ये सुरू केली, आणि जगभरातली धर्मप्रांतांची पत्रं कित्येक दशकं तिच्याच बातम्या छापत आली. २०२२ अखेर बिशपांनी तिची अमेरिकेतली कार्यालयं बंद केली आणि रोमचं तेवढं ठेवलं. जानेवारी २०२३ पासून ‘ओएसव्ही न्यूज’ने देशांतर्गत बातम्यांची ती जागा घेतली. वीस धर्मप्रांतांच्या पत्रांत सारखाच मजकूर दिसला, तर तो बहुधा एकाच ठिकाणाहून आलेला असतो.

बाकीच्यांची ओळख थोडक्यात देते. ‘अमेरिका’ येशूसंघीयांचं (जेझुइटांचं), १९०९ पासूनचं. ‘कॉमनवील’ १९२४ पासूनचं, प्रापंचिकांचं. लंडनचं ‘द टॅब्लेट’ १८४० पासूनचं. ‘ला चिव्हिल्ता कात्तोलिका’ १८५० चं, येशूसंघीयांचंच, पण त्याची प्रुफं छपाईआधी व्हॅटिकनच्या राज्य सचिवालयाच्या नजरेखालून जातात. ‘लोसेर्व्हातोरे रोमानो’ १८६१ चं, ते थेट व्हॅटिकनचं दैनिक. तरीही कायद्याच्या दृष्टीने अधिकृत राजपत्र ते नव्हेच. ते वेगळं आहे: ‘आक्ता अपोस्तोलिके सेदिस’, १९०९ पासून.

मग विचारा: संपादकाला घरी कोण पाठवू शकतं?

माझ्या वहीत प्रत्येक माध्यमाच्या नावापुढे या प्रश्नाचं उत्तर लिहिलेलं आहे. मालकी कागदावर असते. खरा अधिकार संपादकाची खुर्ची हलते तेव्हा दिसतो.

‘अमेरिका’चे संपादक फादर थॉमस रीझ यांनी मे २००५ मध्ये पद सोडलं. वादाच्या विषयांवर दोन्ही बाजूंचे लेख छापणं हे त्यांचं धोरण होतं, आणि शिकवणीवर देखरेख करणाऱ्या व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धांत विषयक मंडळाकडून काही वर्षं येणारा दाब हे राजीनाम्याचं कारण होतं. कॅथलिक न्यूज सर्व्हिसचे प्रमुख टोनी स्पेन्स यांना एप्रिल २०१६ मध्ये बिशप परिषदेच्या सरचिटणीसांनी राजीनामा द्यायला सांगितलं. निमित्त त्यांच्या ट्वीट्सचं होतं. लोसेर्व्हातोरेसोबत निघणाऱ्या स्त्रियांच्या मासिकाच्या संस्थापक लुचेत्ता स्काराफ्फिया मार्च २०१९ मध्ये संपादक मंडळासह बाहेर पडल्या. या मासिकाने व्रतस्थ भगिनींवर धर्मगुरूंकडून होणाऱ्या लैंगिक अत्याचारांबद्दल लिहिलं होतं. आपल्यावर वरून ताबा आणण्याचा प्रयत्न होतोय, असं त्यांचं म्हणणं होतं. दैनिकाच्या संपादकांनी ते नाकारलं.

यावरून या पत्रांतलं सगळं खोटं ठरत नाही. उलट, कॅथलिक न्यूज सर्व्हिसचं रोमचं वार्तांकन मी अजूनही सगळ्यात आधी वाचते, कारण पोप काय म्हणाले हे तिथे शब्दाला शब्द मिळतं. पण बिशप परिषदेच्या स्वतःच्या कारभाराची झाडाझडती तिथे शोधायला मी जात नाही.

बोस्टनचं उदाहरण घ्या. ‘द पायलट’ हे तिथल्या महाधर्मप्रांताचं पत्र १८२९ पासून चालू आहे. धर्मगुरूंनी मुलांवर केलेले अत्याचार आणि त्यांच्या गुपचूप बदल्या जानेवारी २००२ मध्ये बाहेर आल्या, त्या मात्र ‘बोस्टन ग्लोब’ या सर्वसाधारण दैनिकातून, तेही न्यायालयातले कागद खुले करून घेतल्यावर. डिसेंबरमध्ये तिथले आर्चबिशप कार्डिनल लॉ यांना पद सोडावं लागलं. पायलटमधली माणसं नालायक होती असं मी मुळीच म्हणणार नाही. ज्यांच्याबद्दल बातमी होती, पत्र त्यांच्याच अखत्यारीत होतं.

देणगीदारांवर किंवा धर्मसंघावर चालणाऱ्या माध्यमांनाही हाच नियम लावा. लीजनरीजचे संस्थापक मार्सियाल मासिएल यांच्यावरचे लैंगिक अत्याचाराचे आरोप १९९७ मध्ये ‘हार्टफर्ड कुरंट’ या दैनिकाने छापले, तेव्हा रजिस्टर त्याच संघाच्या मालकीचं होतं. २००६ मध्ये व्हॅटिकनने मासिएल यांना सार्वजनिक सेवाकार्यातून बाजूला केलं, आणि २०१० मध्ये त्यांचे गुन्हे स्पष्ट शब्दांत मान्य केले. मधली नऊ वर्षं ज्यांनी फक्त संघाच्या घरचीच पत्रं वाचली, त्यांच्यासाठी आरोप करणारी माणसं खोटारडीच राहिली. मी ही पद्धत इतक्या चिकाटीने का पाळते, याचं कारण हीच माणसं आहेत.

देणगीदारांचा दाब बिशपांच्या दाबाहून कमी असतो, ही समजूत सोडा. एवढंच, की तो पत्रावर सही करून येत नाही.

‘कॅथलिक’ हे नाव कोणी दिलं?

१९८३ च्या ख्रिस्तसभा-कायद्यातलं २१६ वं कलम सांगतं, की श्रद्धावंतांना स्वतःहून प्रेषितकार्य सुरू करता येतं, पण योग्य अधिकाऱ्याच्या संमतीशिवाय त्याला ‘कॅथलिक’ म्हणवून घेता येत नाही. बिशप एखाद्या माध्यमाबद्दल इशारा देतात तेव्हा बहुतेक वेळा या कलमाचाच आधार असतो. इशारा आला की तो मी गटाला वाचून दाखवतेच, लपवत नाही. पण त्यापुढचा अभ्यासही करते.

दोन इशारे शेजारी ठेवून पाहा. १९६८ मध्ये कॅन्सस सिटीचे बिशप चार्ल्स हेल्मसिंग यांनी रिपोर्टरचा निषेध केला आणि नावातला ‘कॅथलिक’ शब्द काढायला सांगितलं. पत्राने तो काढला नाही. याच पत्राने १९८५ मध्ये धर्मगुरूंकडून होणारे अत्याचार आणि बिशपांची त्यावरची चुप्पी देशपातळीवर मांडली, बोस्टनच्या सतरा वर्षं आधी. २०१३ च्या जानेवारीत तिथल्याच बिशप रॉबर्ट फिन यांनी पुन्हा नावाचा मुद्दा काढला. आदल्याच वर्षी एका धर्मगुरूबद्दलचा संशय पोलिसांना न कळवल्याबद्दल न्यायालयाने फिन यांना दोषी धरलं होतं.

दुसरा इशारा २०११ चा. डेट्रॉइटच्या महाधर्मप्रांताने ‘रिअल कॅथलिक टीव्ही’ला हे नाव वापरायची परवानगी नसल्याचं जाहीर केलं. त्यांनी नाव बदलून ‘चर्च मिलिटंट’ केलं. बिशपांवर, धर्मगुरूंवर जहरी टीका हाच तिथला मुख्य माल होता. एका धर्मगुरूने लावलेल्या अब्रुनुकसानीच्या दाव्यात त्यांना हार पत्करावी लागली आणि २०२४ मध्ये ते बंद झालं.

बिशपांचा अधिकार दोन्हीकडे सारखाच खरा होता. बातम्यांचा खरेपणा दोन्हीकडे वेगवेगळा निघाला. म्हणून इशारा ऐकायचा, आदराने ऐकायचा, आणि मग कागद तपासायचे. ‘इंप्रिमातुर’चंही, म्हणजे पुस्तक छापायला बिशपांनी दिलेल्या परवानगीचंही, असंच. पुस्तकात श्रद्धा-नीतीला बाध येईल असं काही नाही, एवढंच तो शिक्का सांगतो. लेखकाची मतं बरोबर आहेत, असं सांगत नाही.

बातमीतल्या कागदाचं वजन करा

‘व्हॅटिकनने म्हटलं’ या दोन शब्दांपाशी थांबा. कोणी म्हटलं? पोपनी सही करून, एखाद्या खात्याने, प्रवक्त्याने, की तिथे काम करणाऱ्या एका कार्डिनलने मुलाखतीत? एन्सिक्लिकल, म्हणजे सगळ्या ख्रिस्तसभेला उद्देशून पोपनी लिहिलेलं पत्र, आणि विमानात पत्रकारांशी झालेल्या गप्पा यांचं वजन एक नाही. मथळ्यात मात्र दोन्ही सारखेच दिसतात. २०१३ च्या जुलैत रिओहून परतताना विमानात पोप फ्रान्सिस समलिंगी माणसाबद्दल जे बोलले, त्यातला ‘मी कोण न्याय करणारा’ एवढाच तुकडा जगभर गेला. त्याआधीची अट, की तो माणूस प्रभूला शोधत असेल आणि त्याची इच्छा चांगली असेल तर, ती बऱ्याच ठिकाणी गळाली. ही अट कोणी ठेवली आणि कोणी गाळली, एवढं बघितलं तरी माध्यमाचा कल कळतो.

‘फिदुचिया सुप्लिकान्स’वर आमच्या गटाची अख्खी बैठक गेली होती. १८ डिसेंबर २०२३ चं हे घोषणापत्र श्रद्धासिद्धांत विषयक खात्याचं आहे, कार्डिनल फर्नांडेझ यांच्या सहीचं, पोपच्या संमतीचं. एका बाजूचे मथळे होते ‘पोपची समलिंगी विवाहाला मान्यता’, दुसऱ्या बाजूचे ‘रोमने श्रद्धा सोडली’. मी ३१ वा आणि ३९ वा परिच्छेद छापून सगळ्यांच्या हातात दिला. ३१ व्यात समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद देण्याची शक्यता सांगितली आहे, आणि विवाह-साक्रामेंताच्या आशीर्वादाशी गल्लत होऊ नये म्हणून त्याचा विधी ठरवायचा नाही असंही. ३९ व्यात नागरी विवाहाच्या समारंभात किंवा त्याच्या अनुषंगाने, लग्नाच्या पोशाखात, लग्नाच्या हावभावांत हा आशीर्वाद द्यायचा नाही असं लिहिलं आहे. दोन्ही मथळे या दोन परिच्छेदांपुढे टिकत नाहीत. ४ जानेवारी २०२४ ला खात्याला खुलासा काढावा लागला आणि त्यात हा आशीर्वाद दहा-पंधरा सेकंदांचा असावा, इतकं बारीक सांगावं लागलं. आठवडाभरात आफ्रिकेतल्या बिशपांनी, पोपशी बोलून, आपल्याकडे समलिंगी जोडप्यांना असा आशीर्वाद देणं योग्य ठरणार नाही असं जाहीर केलं. हे शेवटचं पुरोगामी पत्रांत आतल्या पानांत गेलं, आणि ‘पोपशी बोलून’ हे शब्द परंपरावादी पत्रांत सापडायला वेळ लागला. पूर्ण चित्रासाठी दोन्ही बाजू वाचाव्या लागल्या.

मूळ कागद मिळवणं अवघड नाही. व्हॅटिकनचं पत्रकार कार्यालय रोज दुपारी ‘बोलेत्तिनो’ काढतं. त्यात नेमणुका, राजीनामे, भाषणांचे पूर्ण मजकूर असतात, अगदी कोरडे. मथळा चढलेला असला की मी आधी तिथे जाते.

पण अधिकृत कागदालाही मागची बाजू असते

मार्च २०१८ चा प्रसंग प्रत्येक वाचकाने माहीत करून घ्यावा. पोप फ्रान्सिस यांच्या ईशज्ञानावर (थिऑलॉजीवर) अकरा पुस्तिकांचा संच निघाला. व्हॅटिकनच्या संपर्क खात्याचे प्रमुख मोन्सिन्योर दारिओ एदोआर्दो विगानो यांनी निवृत्त पोप बेनेडिक्ट यांचं पत्र वाचून दाखवलं. फ्रान्सिस यांना ईशज्ञानाची बैठक नाही असं म्हणणं हा मूर्ख पूर्वग्रह आहे, असं त्यात होतं. सोबत पत्राचं छायाचित्र दिलं गेलं. त्यात पहिल्या पानाच्या तळातल्या दोन ओळी धूसर होत्या. दुसऱ्या पानावर पुस्तिकांचा गठ्ठा ठेवलेला होता, त्यातून फक्त सही दिसत होती.

धूसर ओळींत बेनेडिक्ट यांनी लिहिलं होतं, की आपण या पुस्तिका वाचलेल्या नाहीत. गठ्ठ्याखाली त्याहून महत्त्वाचं होतं: संचाच्या एका लेखकाने पूर्वीच्या पोपच्या शिकवणीवर कडाडून हल्ले केले होते, त्याची निवड कशी झाली याचं त्यांना आश्चर्य वाटत होतं. ओळी धूसर केल्याचं असोसिएटेड प्रेसने विचारल्यावर मान्य झालं. १७ मार्चला पूर्ण पत्र द्यावं लागलं आणि २१ मार्चला विगानो यांनी पद सोडलं. तेव्हापासून अधिकृत छायाचित्र आलं तरी मी त्याच्या कडा बघते, आणि उताऱ्यातली तीन टिंबं दिसली की मूळ मजकूर मागवते.

स्फोटक पत्र आलं तर दावे सुटे करा

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये दुसरे विगानो पुढे आले. हे आर्चबिशप कार्लो मारिया, अमेरिकेतले माजी पोपदूत. या दोघांची गल्लत फार होते. पोप आयर्लंडमध्ये असताना त्यांचं अकरा पानी पत्र रजिस्टर आणि लाइफसाइट हे संकेतस्थळ यांनी छापलं. वॉशिंग्टनचे माजी आर्चबिशप कार्डिनल मॅककॅरिक यांच्यावरच्या लैंगिक गैरवर्तनाच्या आरोपांबद्दल माहीत असूनही पोपनी त्यांना मोकळं सोडलं, म्हणून पोपनी राजीनामा द्यावा, असं त्यात होतं. एका बाजूने पत्रालाच पुरावा मानलं. दुसऱ्या बाजूने पत्र लिहिणाऱ्याच्या हेतूंवर पानं भरली, आणि आतल्या आरोपांना हात लावला नाही.

मी त्या पत्रातलं प्रत्येक विधान वेगळ्या ओळीवर लिहून काढलं. कोणाला काय माहीत होतं, कधी, कोणत्या कागदावर. पुढे रकाना रिकामा ठेवला. नोव्हेंबर २०२० मध्ये व्हॅटिकनचा चारशेहून जास्त पानांचा अहवाल आला, तेव्हा रकाने भरता आले. मॅककॅरिक यांच्याबद्दलच्या तक्रारी रोममध्ये खूप आधी पोचल्या होत्या, हे खरं निघालं. बेनेडिक्ट यांनी निर्बंध घातल्याचा दावा अर्धवट निघाला: समज दिली होती, रीतसर शिक्षा नव्हती. आणि २०१२ मध्ये चौकशी करायला सांगितलेलं असूनही विगानो यांनी स्वतः ती पुरती केली नाही, असं अहवाल म्हणतो. हा अहवालही व्हॅटिकनचाच आहे, म्हणून वहीत त्याच्यापुढेही मालकाचं नाव आहे. २०२४ मध्ये विगानो बहिष्कृत झाले. त्याने २०१८ च्या पत्रातली खरी निघालेली विधानं खोटी होत नाहीत.

आणि मग पत्र लिहा

वाचकाने गप्प बसावं अशी ख्रिस्तसभेची शिकवण नाही. पोप बारावे पायस १९५० मध्ये कॅथलिक पत्रकारांना म्हणाले होते, की ख्रिस्तसभेत लोकमत नसेल तर तिच्या जगण्यात काहीतरी उणं राहील, आणि त्याचा दोष मेंढपाळांवर, म्हणजे बिशप-धर्मगुरूंवर, आणि श्रद्धावंतांवर येईल. कायद्याचं २१२ वं कलम आपलं मत मेंढपाळांना कळवण्याचा हक्क देतं, कधी कधी ते कर्तव्य ठरवतं. २२० वं कलम त्याच दमात बजावतं, की कोणाच्या नावलौकिकाला अन्यायाने धक्का लावू नका. मी दोन्ही कलमं जवळ ठेवून लिहिते.

संपादकाला लिहिताना बातमीची तारीख, चुकलेलं वाक्य जसंच्या तसं, आणि मूळ कागदातला परिच्छेद क्रमांक द्या. हेतूंबद्दल एक शब्दही नको. बिशपांना लिहिताना आरोप करू नका, प्रश्न विचारा: धर्मप्रांताच्या पत्राने ही बातमी का घेतली नाही, आणि घेणार असेल तर केव्हा. अत्याचाराच्या प्रकरणात ‘पोपच्या गुप्ततेमुळे’ (ख्रिस्तसभेच्या काही प्रकरणांना लागणाऱ्या गोपनीयतेच्या नियमामुळे) ‘सांगता येत नाही’ असं उत्तर आलं, तर डिसेंबर २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी अशा प्रकरणांवरची ती गुप्तता उठवली आहे, याची नम्रपणे आठवण द्या. पत्राची प्रत स्वतःकडे ठेवा. दुरुस्ती छापून आली तर ती कोणत्या पानावर, किती ओळींची आली, हेही त्या माध्यमाच्या नावापुढे टिपून ठेवा.